कापडी पुस्तक: आधी लोकर आक्रसू द्या, मग पान कापा

कागलच्या एका ताईंनी विचारलंय. आजीच्या सुती नऊवारीचे तुकडे जपून ठेवलेत, त्यांचं बारा पानांचं कापडी पुस्तक करायचंय. पानांवर आजीचं जग: गोठ्यातली म्हैस, गुऱ्हाळ, जोतिबाची चैत्र यात्रा. चित्रं लोकरीच्या फेल्टिंगची, म्हणजे लोकर रगडून किंवा सुईनं टोचून घट्ट बसवलेली, अक्षरं हातशिलाईची. दोन पानं करून बघितली, तर एक आक्रसून वाकडं झालं आणि दुसऱ्यावरची लोकर नखानं ओढली की निघून येते. लोकर कुठली घ्यावी, पुस्तक बांधायचं कसं, हेही विचारलंय. आणि हे पुस्तक दीड वर्षाच्या पणतीच्या हातात जाणार आहे.

ताई, पानं बिघडली ती हाताच्या कसबात कमी पडलात म्हणून नाही. कामाचा क्रम उलटा झालाय. तुम्ही पान मापात कापलंत आणि मग त्यावर लोकर चढवलीत. लोकरीच्या कामात माप शेवटी येतं. आधी लोकर, पाणी, साबण आणि रगडणं. कापड जेवढं आक्रसायचं तेवढं आक्रसू द्यायचं, वाळवायचं, आणि मगच कात्री हातात घ्यायची. कापडाच्या शिवणकामात वर्षानुवर्षं हात बसलेल्या बायकांना हेच जड जातं, कारण शिवणाची सगळी शिस्त आधी माप घेण्याची असते.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कोमट पाणी आणि साबण लागला की ते उघडतात, रगडलं की तंतू एकमेकांत सरकत जातात आणि खवले अडकल्यामुळे मागे येत नाहीत. म्हणून फेल्ट उसवत नाही, आणि म्हणूनच ते सगळ्या बाजूंनी लहान होतं. सुती कापड असं आक्रसत नाही. एकाच बाजूला लोकर बसवली की ती स्वतः लहान होताना कापडाला ओढते आणि पान वाकतं. दुसऱ्या पानावर तुम्ही कोरडी सुई वापरलीय. खाचांच्या सुईनं टोचून लोकर कापडाच्या विणीतून पलीकडे ढकलली जाते, पण सुती धागा तिला धरून ठेवत नाही. ती नुसती अडकून राहते. त्या पानाखाली लोकरीचा थर असता तर लोकर लोकरीत गुंतली असती.

लोकरीचं आधी बघू, कारण निम्मी कामं तिथेच फसतात. कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा लक्ष्मीपुरीत विणकामाच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. त्यांचं फेल्ट होत नाही, कितीही रगडा. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. स्टेशनरीच्या दुकानातले रंगीत फेल्टचे ताव हेही बहुधा पॉलिएस्टरचे. ते कापून चिकटवायला ठीक, पण या पुस्तकात मी घालणार नाही.

आपल्या भागात खरी लोकर आहे, आणि ती वाया जातेय याचं मला मनापासून वाईट वाटतं. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ, काळी-करडी-तपकिरी. घोंगडीची मागणी घटली, तसा या लोकरीचा भाव पडला. कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून कितीतरी मेंढपाळ ती टाकून देतात. आणि याच जिल्ह्यात, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात! तुमच्या गावाजवळ धनगरांचा वाडा असेल तर कातरणीच्या वेळी जाऊन मागा, आणि योग्य पैसे देऊन घ्या. कोकरांची पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर मिळाली तर फारच उत्तम, ती मऊ असते. घोंगडीबरोबर आपल्याकडे जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूणही करत आलेत. जेन विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरून, पाणी मारून, रगडून, गुंडाळून घट्ट करतात. तुम्ही जे शिकताय ते परदेशातून आलेलं नवं खूळ नाही, या मातीतलंच काम आहे.

पण दख्खनी लोकर सगळीकडे चालणार नाही. ती सावकाश बसते, टोचरी लागते, आणि तिच्यात बारीक नक्षी उठत नाही. पुस्तकाच्या वेष्टनाला ती पहिल्या प्रतीची. आतल्या रंगीत चित्रांना मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर मागवा, विंचरून लांब पेळू केलेली आणि रंगवलेली मिळते. बारा पानांना थोडीच लागते, एका चित्राला मूठभरसुद्धा नाही. म्हैस मात्र दख्खनी काळ्या लोकरीचीच करा. त्या राठ केसांनी पाठीवरची आणि मानेवरची लव जशी दिसते, तशी मेरिनोनं कधीच दिसत नाही.

वाड्यावरून आणलेल्या लोकरीत कुसळं, गोखरू, माती, सगळं असतं. आधी कोरडी झटका, हातानं काटे वेचा. मग हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात रिठ्याचं पाणी घालून ती नुसती बुडवून ठेवा. ढवळायची नाही, चोळायची नाही, नाहीतर टोपातच फेल्ट तयार होईल. गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकायचीही नाही. माती सुटेपर्यंत पाणी बदला, जाळीवर पसरून सावलीत वाळवा. पिंजायला पिंजारी आता शोधून सापडत नाही. पाळीव कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश घ्या, एकावर लोकर पसरून दुसऱ्यानं उलट दिशेला ओढा. काम छान होतं.

आता नमुना. हा टाळू नका. 20 सेंटिमीटर बाजूचा चौकोन नऊवारीच्या साध्या भागातून कापा आणि त्यावर लोकर बसवून पूर्ण फेल्ट करा. समजा वाळल्यावर बाजू 14 सेंटिमीटर भरली, तर माप सात दशांश राहिलं. 18 सेंटिमीटरचं पान हवं असेल, तर 18 भागिले 0.7, म्हणजे जवळजवळ 26 सेंटिमीटरचं कापड सुरुवातीला घ्यावं लागेल. हा आकडा तुमच्या लोकरीचा, तुमच्या हाताच्या जोराचा आणि तुमच्या कापडाचा. दुसऱ्या कुणाचा आकडा उसना घेऊन चालत नाही.

नऊवारी सुती आहे हे तुमचं भाग्य. जुनं, वापरून विरविरीत झालेलं सुती कापड या कामाला नव्या कापडापेक्षा चांगलं, कारण विणीतून लोकरीचे तंतू आरपार जातात. कापड तोंडासमोर ताणून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला, तर लोकरही जाईल. पॉपलिनसारख्या घट्ट विणीत ती जात नाही. विरळ कापड आणि लोकर एकत्र आक्रसवण्याच्या या पद्धतीला नूनो फेल्टिंग म्हणतात, 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियात फेल्ट कलाकार पॉली स्टर्लिंग यांनी ती पुढे आणली. कापडावर जी बारीक सुरकुती उठते, तेच तिचं सौंदर्य. नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्यावर ती सुरकुती फार शोभते. जरीचा किंवा दाट विणीचा काठ मात्र लोकरीखाली घालू नका. तो उसवून बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

टेबलावर जुना टॉवेल, त्यावर फुगे असलेलं प्लॅस्टिक, त्यावर कापड. लोकरीच्या अगदी पातळ बटा ओढून एक थर आडवा, दुसरा उभा. खालचं कापड पुसट दिसत राहील इतकाच पातळ. थर जाड केला की नवशिक्याला बरं वाटतं, पण पान पुठ्ठ्यासारखं होतं आणि पुस्तक मिटत नाही. वर मच्छरदाणीचा तुकडा अंथरा, कोमट साबणाचं पाणी शिंपडा, तळहातानं नुसतं दाबून हवा काढा. मग बोटांच्या पेरांनी हलकेच गोल गोल चोळा. पहिली दहा मिनिटं हात हलका हवा, जोर लावला तर बटा सरकतात. मध्येमध्ये जाळी उचलून सोडवत राहा, नाहीतर लोकर जाळीलाच धरते. लोकरीनं कापड धरलं की जाळी काढा, सगळं बांबूच्या चिकात गुंडाळा आणि पोळपाटावर लाटल्यासारखं पुढेमागे फिरवा. उलगडा, पाव फेरा वळवा, परत गुंडाळा. चारही दिशांनी सारखं फिरवलं नाही, तर पान एका अंगानं जास्त आक्रसेल. झालं का ते बघायला चिमटीनं लोकर उचला. सुटे तंतू उठले तर अजून रगडा, कापडासकट उचललं गेलं तर बसली. उलट बाजूला बारीक लव आलेली दिसली पाहिजे. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला, लोकरीत साबणाचा अंश राहिला तर ती पुढे कमकुवत होते. टॉवेलवर हातानं ताणून चौकोनात आणा आणि सावलीत वाळवा.

हळदीबद्दल एक सूचना. भंडाऱ्याचा पिवळा रंग यावा म्हणून अनेकजणी लोकर हळदीत रंगवतात आणि साबणाचं पाणी लागताच ती लालसर तपकिरी होते. हळदीला क्षार सोसत नाही. हळदीचा रंग द्यायचाच तर फेल्टिंग होऊन, साबण निघून गेल्यावर द्या. उन्हात तो उडतो हे खरं, पण पुस्तकाची पानं बहुतेक वेळ मिटलेली असतात, त्यामुळे भिंतीवरच्या चित्रापेक्षा इथे जास्त टिकतो. जोतिबाच्या गुलालासाठी मात्र खरा गुलाल किंवा कुंकू कशातही मिसळू नका. रंगवलेली गुलाबी मेरिनो घ्या. मूल पान तोंडात घालणार आहे.

या तयार पानावर आता सुईचं फेल्टिंग करा. खाली लोकरीचा थर आहे, तेव्हा चित्राची लोकर त्यात गुंतेल आणि नखानं निघणार नाही. 38 नंबरची सुई बहुतेक कामाला पुरते, दख्खनी लोकरीला 36, शेवटच्या बारीक कामाला 40. आकडा वाढेल तशी सुई बारीक. खाली जाड फोम घ्या. सुई सरळ आत, सरळ बाहेर. तिरकी घालून उचकटली की मोडते. गुऱ्हाळाचा धूर करताना करड्या लोकरीची बट बोटांनी इतकी विरळ करा की तिच्यातून खालचं लुगडं दिसेल, आणि फक्त धुराड्याच्या तोंडाशी दाट टोचा. वर जाताना टोचे विरळ, वरचं टोक जवळजवळ मोकळं. नंतर ओलं कापड ठेवून इस्त्रीची वाफ द्या. धूर पानात बसतो आणि तरी हलका दिसतो.

एवढं करूनही चित्राच्या कडांना टाका हवा. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांतून सुमारे 2300 वर्षांपूर्वीचं फेल्ट निघालं, त्यावरची आकृतीही फेल्ट कापून टाक्यांनी शिवलेली आहे. हाताळला जाणारा भाग नुसत्या लोकरीच्या भरवशावर सोडू नये. म्हशीच्या शिंगांना साखळी टाका, पोटाच्या कडेला धावदोरा, पाठीला काही नको.

अक्षरांचं काम मला सगळ्यात आवडतं. फेल्टवर पेन्सिल उठत नाही. अक्षरं बटर पेपरवर लिहा, कागद पानावर कच्च्या टाक्यानं अडकवा, कागदावरूनच शिवा आणि शेवटी फाडून काढा. अक्षराची उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, कारण लोकरीच्या लवेत बारीक वेलांटी बुडून जाते. आधी उभा दंड उलट्या टिपेनं घ्या, मग गोलाई अगदी लहान टाक्यांनी. ‘ळ’ आणि ‘क्ष’ला घाई केली की गाठोडं होतं. शिरोरेघ सगळ्यात शेवटी आणि शिवायची नाही: जाड दोरा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा ठेवा आणि बारीक दोऱ्यानं थोड्या थोड्या अंतरावर वरून बांधत जा. सगळे दंड त्या एका दोऱ्याखाली येतात आणि शब्द एकसंध दिसतो. दर अक्षराची रेघ वेगळी शिवली, तर ओळ दातेरी होते.

आता बांधणी. बारा पानं म्हणजे तीन जोडपानं, एकेक मधोमध दुमडलं की चार बाजू. तीनही एकात एक घालू नका. लोकरीच्या जाडीमुळे आतलं जोडपान बाहेर डोकावतं. एकापुढे एक ठेवून वेगवेगळी शिवा. पहिल्या जोडपानाच्या बाहेरच्या पट्टीवर डावीकडे चौथं पान आणि उजवीकडे पहिलं येतं, आतल्या पट्टीवर दुसरं आणि तिसरं. याप्रमाणे कागदाची छोटी वही आधी करा, पानांवर आकडे घाला आणि ती समोर ठेवूनच काम करा. म्हणजे एकूण सहा पट्ट्या फेल्ट करायच्या, प्रत्येकी तयार माप 36 बाय 18 आणि वर शिवणीची जागा. घडीच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर चित्राची लोकर नको.

चित्रं आणि अक्षरं पूर्ण झाल्यावर दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून जोडा, म्हणजे टाक्यांच्या गाठी आत लपतात. मध्ये जुन्या फ्लॅनेलचा एक पदर घाला. कच्चे टाके घालताना जोडपान दुमडलेल्या अवस्थेत धरा. सपाट ठेवून जोडलं, तर दुमडल्यावर आतल्या पट्टीला घडीपाशी फुगा येतो. मग सगळ्या थरांतून वाकळीसारखा धावदोरा घाला, चित्रांना वळसा घालत. बऱ्याच घरी वाकळ कडेनं सुरू होऊन आत फिरत येते. इथे मधून सुरू करून कडेकडे जा, म्हणजे उरलेला झोळ बाहेर निघतो. लोकर दोन्ही तोंडांना असल्यामुळे आणि थर टाक्यांनी धरल्यामुळे पान आता वाकणार नाही. कडा कापून सारख्या करा. बाजूला ठेवलेला काठ इथे गोट म्हणून लावा. आजीच्या लुगड्याचा काठ प्रत्येक पानाभोवती फिरेल.

चित्रांच्या जाडीमुळे अशा पुस्तकाचं तोंड आ वासून राहतं आणि कणा चेपलेला असतो. म्हणून दोन जोडपानांच्या मध्ये, कण्याशी, घोंगडीची दोन सेंटिमीटर रुंद दुमडलेली पट्टी शिवा. तुमच्याकडे फाटकी घोंगडी असेल तर तीच. वेष्टनाला दख्खनी लोकरीचं चार-पाच मिलिमीटर जाड फेल्ट, पानापेक्षा प्रत्येक कडेला अर्धा सेंटिमीटर मोठं. आतून नऊवारीचं अस्तर लावा, म्हणजे बाळाच्या हाताला टोचणार नाही. कण्याची रुंदी अंदाजानं धरू नका: पानं रचून तळहातानं दाबा आणि तेव्हा मोजा. कण्यावर तीन उभ्या ओळी आखा, प्रत्येक ओळीत पाच भोकं. चांभाराच्या आरीनं भोकं स्वच्छ पडतात. जाड सुती दोऱ्याला मधमाशीचं मेण लावा, जोडपानाच्या घडीत मधल्या भोकातून सुरू करून वरखाली जाऊन परत मधल्या भोकाशी या आणि दोन टोकांची गाठ आतल्या बाजूला मारा. बाहेर कण्यावर लांब टाके दिसतील, ते दिसू द्या.

बंद करायला बटण नको, मणी तर मुळीच नको. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये कातड्याची वादी मिळते, ती पणती मोठी झाल्यावर लावा. हे कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. ओल्या लोकरीवर ते रंग सोडतं आणि लोखंड लागलं की काळा डाग पडतो. सध्या काठाचीच एक रुंद, आखूड पट्टी पुरे. लांब नाडी लहान मुलाच्या हातात देऊ नये.

पणतीला देण्यापूर्वी एक गोष्ट कराच. फेल्टिंगच्या सुईचं टोक मोडून पानात राहू शकतं आणि बोटाला लागत नाही. सुया मोजून घ्या, मोजून ठेवा, आणि पुस्तक पुरं झाल्यावर प्रत्येक पानावरून दोन्ही बाजूंनी जोरकस लोहचुंबक फिरवा. सुई मोडली आणि तुकडा सापडला नाही, तर ते पान पुस्तकात घालू नका. मग चित्राचा प्रत्येक सुटा भाग चिमटीनं जोरात ओढून बघा. सुटणार असेल तर तुमच्या हातात सुटू दे. इतकं करूनही दीड वर्षाच्या मुलीनं हे पुस्तक मोठ्या माणसाच्या मांडीवरच बघावं.

आपल्याकडचा पावसाळा लोकरीचा वैरी. ओल आणि कसर, दोन्ही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा. कसरीची अळी मळलेल्या, खाऊ सांडलेल्या लोकरीवर आधी येते, म्हणून डाग लागला की लगेच ओल्या फडक्यानं टिपा. मशिनमध्ये धुऊ नका. पाऊस संपला की उघडून, पानन् पान सुटं करून सावलीत वारा द्या. भोकं किंवा जाळी दिसलीच, तर पुस्तक पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पानांवर दव धरतं.

बिघडलेली दोन पानं टाकू नका. वाकडं झालेलं पान खरं तर चांगलं फेल्ट झालंय. त्यातून म्हशीचं रेडकू कापा आणि नव्या पानावर काज टाक्यानं शिवा. लोकर निघते ती दुसरं पान कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, त्यावर पातळ थर देऊन परत रगडून बघा. लुगडं विरविरीत असेल तर बसेल. नाही बसलं तर लोकर ओढून काढा, कापड धुऊन घ्या आणि आतल्या पदराला वापरा.